जिन्यावरचा माझा फोटो

आमच्या समाजाच्या मंगल कार्यालयात जिन्याच्या वळणावर माझा एक मोठा फोटो लावलेला आहे. उजवा हात मागे ताणलेला, तळव्यावर बॉल, एक पाय वर, दुसरा जमिनीवरून सुटायच्या बेतात, आणि तोंडावर आव असा की देशासाठीच खेळतेय बया. तो काढून टाका म्हणून मी अध्यक्षांना तीनदा सांगितलं. एकदा लेखी दिलं. ऐकतो कोण? लग्नाला आलेली माणसं जेवायला वर जाताना तिथं थबकतात, कुणीतरी म्हणतं, ‘ही आपल्या कापडवाल्यांची सून,’ आणि सगळे माझ्याकडे वळून कौतुकानं हसतात. माझ्या अंगाचा तिळपापड होतो. का होतो ते एकदाचं सांगून टाकते, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको.

आमचं दुकान हुबळीच्या बाजारात आहे आणि घर देशपांडे नगरात. घरात मराठी, काउंटरवर कन्नड, भांडताना दोन्ही. सासू, सासरे, दोन पोरं, दुकान, गिऱ्हाईक, सगळं असतं तसं होतं. त्यात सकाळी साडेपाच ते सात एवढा वेळ माझा. मंगल कार्यालयाच्या मागे मोकळी जागा होती, तिथं आम्ही बायका थ्रोबॉल खेळायचो. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: नेटवरून बॉल पलीकडे फेकायचा, पलीकडच्यांनी तो झेलून लगेच परत फेकायचा, ज्यांच्या बाजूला पडला त्यांचा गुण गेला. सर्व्हिस मागच्या रेषेच्या बाहेरून करायची आणि रेषेला पाय लागता कामा नये. झालं, एवढाच खेळ.

पण त्या दीड तासात मला कुणी हाक मारून चहा मागत नसे. त्या जागेवर मी कुणाची सून नव्हते, हे मी अगदी स्पष्ट सांगते, सासरच्यांनी वाचलं तरी चालेल. आम्ही दहाजणी होतो. काही दुकानदारांच्या घरातल्या, एक वकील, दोघी उणकलला नवीन घरं घेऊन राहिलेल्या, त्या स्कूटरवर कुडकुडत यायच्या. आणि सगळ्यांत मोठ्या मराठी शाळेतल्या बाई, पन्नाशी गाठलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधून खेळणाऱ्या.

आमचा खेळ बघायला अगदी रटाळ होता. आम्ही बॉल सोडत नसू, बस्स. समोरच्या जोरात फेकून फेकून वैतागायच्या, आणि मग बाई सावकाश एक बॉल कोपऱ्यात टाकायच्या, जिथं कुणी नाही तिथं. एवढ्याच्या जोरावर हुबळी-धारवाडच्या लीगमध्ये आम्ही सहा वर्षं वरच्या गटात होतो. आठ टीम, शेवटची जी येईल ती खालच्या गटात जायची. आम्ही कधी चौथ्या, कधी पाचव्या. कुणी टाळ्या वाजवत नसे आणि कुणी हाकलतही नसे.

अध्यक्ष म्हणजे माझे चुलत मोठे दीर. सगळा समाज त्यांना अण्णा म्हणतो. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि माईक दिसला की पाय तिकडे वळलेच. लग्नाला येणाऱ्या गाड्या रस्त्यावर लागतात म्हणून त्यांना आमच्या जागेत पार्किंग करायचं होतं. ट्रस्टच्या मीटिंगमध्ये बाई आणि मी अशा काही अडून बसलो की त्यांना तोडगा काढावा लागला: टीम वरच्या गटात आहे तोवर जागा आमची, खाली गेली की पार्किंग. आम्ही हसत हसत सही केली. आम्ही खाली जाणार नाही याची आम्हाला एवढी खात्री होती.

मग अण्णांच्या डोक्यात भलतंच शिरलं. समाजाच्या वर्धापनदिनाला बेंगळुरूच्या एका मोठ्या ऑफिसची टीम बोलवायची, जिच्यात निम्म्या पोरी राज्याकडून खेळलेल्या. ‘मोठ्यांशी खेळल्याशिवाय तुम्ही सुधारणार नाही,’ मला म्हणाले. यांनी आयुष्यात कॅरम सोडून काही खेळलेलं नाही. पण खरं सांगायचं तर मलाही हुरूप आला. त्यांचा राग आजही येतो तो एवढ्यासाठी, की त्या दिवशी मीच सगळ्यांत आधी मान हलवली होती.

आमच्याकडे एक पद्धत आहे. बाहेरगावची टीम आली की तिचा उतारा कार्यालयात, आणि आदल्या दिवशीचं जेवण आमच्या घरी. एकेका घरी दोन खेळाडू. बायकाच खेळतात आणि बायकाच रांधतात, त्यामुळे अण्णांना ही पद्धत फार प्रिय. माझ्या घरी त्यांची कॅप्टन आली आणि आणखी एक पोरगी. मी सकाळपासून ओट्याशी उभी. शेंगाच्या पोळ्या, भरली वांगी, ज्वारीची भाकरी, दही-बुत्ती म्हणजे आपला दहीभात. ज्या खांद्यानं दुसऱ्या दिवशी सर्व्हिस करायची तो पोळ्या लाटून भरून आला. ती कॅप्टन चांगली उंच, शांत पोरगी. पानावर हात आडवा धरून ‘साकु अक्का, साकु,’ पुरे पुरे म्हणत होती आणि मी तूप वाढतच होते. सासूबाईंनी तिची ओटी भरली. माझ्या मुलीनं सही घेतली. आता मला सांगा, जिची ओटी भरली तिला दुसऱ्या दिवशी सकाळी पाडायचं कसं?

पहिला सेट पंधरा–चार. बॉल यायचा तो दिसायचाच नाही. आम्ही नेटच्या अलीकडे यजमानिणीच होतो, हवा तो गुण घ्या म्हणून वाढत सुटलेलो. दुसऱ्या सेटमध्ये नऊ–चार पिछाडीवर असताना माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांची कॅप्टन धावत येऊन उडी मारून सर्व्हिस करायची, ते मी सकाळपासून बघत होते. मी तशीच मागे गेले, धावत आले आणि उडी मारली. बॉल गेला तो दोघींच्या मधून. मैदानाभोवती सगळा समाज उभा होता, तो ओरडला. मी पुन्हा उडी मारली. सलग सहा गुण मी काढले, दहा–नऊ. शेवटी सेट त्यांनी पंधरा–तेरा असा घेतला. सामना आम्ही सरळ दोन सेटमध्ये हरलो.

आणि हरल्यावर काय व्हावं? शाल. नारळ. हार. अण्णांनी माईक घेऊन सांगितलं की राज्याच्या खेळाडूंना आपल्या सुनांनी घाम फोडला. पेपरात फोटो आला, तोच मग मोठा करून जिन्यावर चढवला. व्हॉट्सॲपवर उडीचा व्हिडिओ फिरला, बेळगावच्या नणंदेनं तो मलाच परत पाठवला. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी फांदी-फांदीनं वर गेले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. सहा वर्षं जिंकत आले तेव्हा कुणी नारळ दिला नव्हता.

त्या हारानं आमचा खेळ नासला. सकाळी मैदानावर जी ती उड्या मारायला लागली. झेलायचा सराव कुणाला नको. बाई कोपऱ्यातला बॉल शिकवायला बोलवायच्या तर पोरी त्यांच्यामागे तोंड दाबून हसायच्या, आणि मी, कॅप्टन म्हणवणारी, त्यांना गप्प करत नव्हते. अण्णांना तर चटकच लागली. त्यांनी आणखी दोन मोठ्या टीम बोलावल्या. पुन्हा पोळ्या, पुन्हा पराभव, पुन्हा शाली. दोन्ही वेळा एकेक सेट असा झाला की लोक म्हणाले, थोडक्यात गेला. थोडक्यात हरणं हे आम्हाला जिंकण्यापेक्षा मोठं वाटायला लागलं होतं.

एकदा सराव संपल्यावर बाई मला म्हणाल्या, ‘त्या बेंगळुरूच्या पोरी आपल्याशी पूर्ण ताकदीनं खेळल्या नाहीत. तुला कळलं नाही?’

‘तुम्हाला उडी जमत नाही म्हणून असं वाटतं,’ मी म्हणाले.

असं मी म्हणाले. ज्या बाईनं मला बॉल धरायला शिकवला तिला. त्यांनी गुडघ्याचा पट्टा सोडला, पिशवीत घातला आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी साडेपाचला त्या हजर होत्या, पण तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

लीग सुरू झाली. आम्ही ज्यांना दरवर्षी हरवायचो त्यांच्याकडून हरू लागलो. मोठ्या टीमसमोर कशा वाघिणी होतो, असं एकमेकींना सांगत हरलो. समोर साध्या बायका दिसल्या की आमच्या अंगात काही येतच नसे. हळू बॉल आला की झेलायचा कंटाळा. असं करता करता शेवटच्या सामन्यावर गाडी आली. समोर रायापूरची टीम. गुणतक्त्यात तळाला या दोनच टीम. जी हरेल ती खाली.

रायापूरच्या त्या बायका सिटी बसनं आल्या. एक अंगणवाडीत काम करणारी, दोघी कुठल्याशा कारखान्यात पॅकिंगला, आणि त्यांची कॅप्टन शिलाईकाम करणारी, ठेंगणी, सावळी, केसांना तेल चोपडून घट्ट आंबाडा. मी तिला ओळखत होते, ती अस्तराचं कापड आमच्याच दुकानातून न्यायची. यांना कुणी जेवायला बोलावलं नाही. मी अण्णांना विचारलं तर म्हणाले, ‘त्या काय पाहुण्या आहेत? गावातल्याच.’ मीही पुढे काही बोलले नाही. त्यांनी कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसून आपले डबे खाल्ले आणि नळावर जाऊन धुतले.

पहिला सेट आमचा, दुसरा त्यांचा. तिसऱ्यात चौदा–तेरा आम्ही पुढे, आणि सर्व्हिस माझी. एक गुण, की जागा आमची. बाई माझ्याजवळ आल्या. ‘डाव्या कोपऱ्यातली दमलीय, तिच्या हातून दोनदा बॉल सुटलाय. साधी टाक. उभ्यानं टाक.’

मला ते कळलं होतं. मलाही ती दमलेली दिसत होती. पण अण्णा खुर्चीतून उठून मोबाईल वर धरून उभे होते, सगळा समाज उडीची वाट बघत होता, आणि रायापूरच्या शिंपिणीसमोर उभ्यानं साधी सर्व्हिस टाकायला मला लाज वाटली. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. मी मागे गेले, धावले, उडी मारली. बॉल सणसणीत गेला, कोपऱ्यातच पडला, आणि आमच्या बाजूनं आरडाओरडा झाला.

शिट्टी वाजली होती. त्याआधीच त्या ठेंगणीनं हात वर करून माझ्या पायाखालच्या रेषेकडे बोट दाखवलं होतं. पंचांनी मान डोलावली. पाय रेषेवर. गुण रायापूरला.

मी पंचांवर धावून गेले. नाही नाही ते बोलले. सहा महिने अशीच सर्व्हिस करते आहे, राज्याच्या टीमसमोर केली आहे, तेव्हा कुणाला पाय दिसला नाही, आणि आजच बरा दिसला. अण्णा माझ्या बाजूनं ओरडत होते. पंच म्हणाले, ‘खेळा.’ पुढचा बॉल हळू आला, सरळ माझ्या हातात आला, आणि मी तो सोडला. त्याच्या पुढचा उणकलच्या पोरीनं सोडला. सोळा–चौदा. रायापूरच्या बायका एकमेकींना धरून रडल्या. बाई एकट्या नेट सोडायला लागल्या, गाठी पक्क्या बसल्या होत्या त्या दातांनी सोडवत.

महिन्याभरात तिथं फरशा बसल्या. पिवळे पट्टे मारले, गाड्यांसाठी. एक पहारेकरी ठेवला. उणकलच्या दोघी तिकडेच कुठल्या जिममध्ये जाऊ लागल्या, वकीलबाईंनी चालायला सुरुवात केली, बाईंचा गुडघा पूर्णच गेला. आणि मी सकाळी साडेपाचला उठून सासऱ्यांचा चहा टाकायला लागले. सासरे खूश झाले.

पुढचे सहा महिने मी सगळं खापर त्या शिंपिणीवर फोडलं. घरी, दुकानात, हळदी-कुंकवात. तिनं बोट दाखवलं म्हणून पंच भुलला, आमच्यावर अन्याय झाला, त्या एका बाईनं आमचं मैदान खाल्लं. सगळे हळहळायचे. ती दुकानात आली की मी तिला थांबवून ठेवायचे, आधी दुसरी गिऱ्हाईकं करायचे, मग कापड तिच्यापुढे टाकायचे. ती उभी राहायची, कापड घ्यायची, जायची.

मग पुन्हा वर्धापनदिन आला. आमची टीम राहिली नव्हती, पण अण्णांनी बेंगळुरूच्या त्याच टीमला बोलावलं, सत्काराला. सामना नाही, सत्कारच. त्यांची बस आमच्या जागेवर उभी राहिली. जेवणं मात्र पद्धतीप्रमाणे आमच्याच घरी. तीच कॅप्टन माझ्याकडे आली. तिनं विचारलं, ‘अक्का, आता सराव कुठं करता?’ मी तिला सगळं सांगितलं. रायापूर, शिट्टी, बोट, अन्याय. माझं ते पाठच झालं होतं.

ती खाता खाता थांबली. फार सरळ पोरगी, मनात काही नाही. म्हणाली, ‘पण अक्का, तुमचा पाय लागतोच की. आमच्या सामन्यातही लागत होता. प्रत्येक सर्व्हिसला.’

‘मग तुम्ही सांगितलं का नाही?’

‘सोडून दिलं. आमच्या कोचनी खुणेनंच सांगितलं, असू दे. आदल्या दिवशी तुमच्या घरी जेवलो होतो. आणि आम्हाला काय फरक पडत होता?’ मग तिला वाटलं असावं की मला वाईट वाटलं, म्हणून तिनं आणखी एक पोळी मागितली. मी वाढली. तूपही वाढलं.

पाहुण्या गेल्यावर मी कार्यालयात गेले आणि जिन्यावर त्या फोटोसमोर उभी राहिले. चष्मा लावला. वर्षभर मी तो शेकडो वेळा पाहिला होता, पण माझं तोंड सोडून त्यात दुसरं काही पाहिलं नव्हतं. खाली, जमिनीवरून सुटायच्या बेतात असलेला माझा डावा पाय. पुढची चार बोटं पांढऱ्या रेषेवर. लपलेली नाहीत, धूसर नाहीत. एवढ्या लोकांनी तो फोटो पाहिला आणि कुणालाही ती दिसली नाहीत. की दिसली आणि त्यांनीही सोडून दिलं, कोण जाणे. मी अण्णांना बोलावून बोट दाखवलं. ते म्हणाले, ‘उडी बघ ना. पाय कोण बघतं?’ तो फोटो काढायचा नाही, असं त्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं. मंगल कार्यालयाची शोभा आहे म्हणे.

चारेक दिवसांनी ती शिंपीण दुकानात आली. दुपारची वेळ, दोन गिऱ्हाईकं तिच्याआधीची होती. मी त्यांना सोडून तिच्याकडे गेले. हे सगळं कन्नडमध्ये झालं, पण तिच्या तोंडचं जसंच्या तसं सांगते.

मी म्हणाले, ‘त्या दिवशी माझा पाय रेषेवर होता.’

‘होता की,’ ती म्हणाली. ‘म्हणून तर हात वर केला.’

‘दुसऱ्या कुणी कधी केला नव्हता.’

‘आम्हाला जिंकायचं होतं, अक्का.’ तिनं पिशवीतून मापाचा कागद काढून काउंटरवर ठेवला. ‘अस्तर द्या, दोन मीटर. आणि सरळ कापा. सहा महिने तिरकं कापून देताय तुम्ही, मला घरी जाऊन नीट करावं लागतं.’

मी ठाण उलगडलं. पट्टी लावून खडूनं रेघ ओढली आणि कात्री घेतली. ती वाकून बघत होती, कात्री रेघेवरून जाते की नाही ते, शेवटपर्यंत.